चकाकी

घानातल्या कुमासीत अंत्यदर्शनासाठी आईला पितळी पलंगावर निजवलं होतं. मेकअपवाल्या बाईनं विचारलं, “मांडवात उकाडा आहे. फाउंडेशन चमकणारं लावू की मॅट? त्वचा कशी होती हिची?”

एवढं तरी आईचं नीट करायचं, असं दुफीनं हॅम्बुर्गहून येताना विमानातच ठरवलं होतं.

“तेलकट. मॅटच लावा,” ती ठासून म्हणाली. “व्हिडिओ कॉलवर तोंड नुसतं चकाकायचं. दर रविवारी सांगायचे, आई, पावडर लाव गं, बघवत नाही.”

आईला आंघोळ घालून दमलेली पोकुआ मावशी पायथ्याशी बसली होती.

“तेलकट कसली? कोरडीठाक होती माझी बहीण. तुझा फोन वाजला की कण्हणं गिळून उठून बसायची. तू बघायचीस ना, तो घाम होता.”