जिवंत मेंदी

पार्लरवाल्यांनी नीरजाच्या हातावर नायट्याची बुरशी पेरून वेलबुट्टी फुलवली होती. यंदा बिनबुरशीची नवरी म्हणजे गावंढळ. मनगटाशी थांबायला हवी होती ती वेल आता मानेपर्यंत चढली होती.

"पण खाजत नाही, डॉक्टर. रोज स्टेरॉइडचं मलम लावते ना!"

"कुत्र्याला अफू चारलीत, मग चोर शिरल्यावर भुंकणार कोण?" डॉ. हुपरीकर तुच्छतेने म्हणाल्या. "मलम बंद. बुरशीवरच्या गोळ्या सुरू."

शेजारी आई सारखी गाल खाजवत होती. लेकीचा नक्षीदार हात तिने कौतुकाने रोज गालाला लावला होता. तिथे लालभडक चट्टा उठला होता.

"बघा, यांचं शरीर अजून शुद्धीवर आहे," डॉक्टर म्हणाल्या.

आईने नीरजाच्या पर्समधली त्याच मलमाची ट्यूब काढून गालावर चोळायला घेतली.

"परवा लग्नाचे फोटो आहेत हो," ती म्हणाली.