ओठ मिटून

"कॅमेरा कुणाचा सगासोयरा नाही, मॅडम. सगळ्यांकडं सारखाच बघतो. यात अन्याय कुठं आला?" मॅनेजर दौलतरावांनी कागद पुढं सरकवला.

चाकणच्या या कारखान्यात गाड्यांच्या तारांच्या जुड्या बांधल्या जात. बायकांच्या टेबलांवर महिन्यापूर्वी कॅमेरा बसला. ओठ हलले की तो 'लक्ष नाही' अशी नोंद करायचा. कस्तुरामावशींच्या नावावर सगळ्यांत जास्त नोंदी. 'यात अन्याय नाही' अशी अफरीनची सही झाली की मावशींचं काम सुटणार होतं.

अफरीन तत्त्वज्ञान शिकलेली. योग्य काय, अयोग्य काय, याचा कंपन्यांना सल्ला देणं हा तिचा पेशा. तिनं कागद उचलला आणि थेट मावशींच्या टेबलाशी स्टूल ओढलं. दौलतराव मागोमाग आले.

"एवढं काय बोलता हो, मावशी?"

"बोलत न्हाई, ताई. मोजती." मावशींची बोटं चालूच होती. "आकडं इसरत्यात. माणसं न्हाई इसरत." आणि हलक्या आवाजात त्यांनी म्हणून दाखवलं,

*लाल तार माझी लेक, पिवळी माझी सून,*
*निळी तार जाऊबाई, बसलीया रुसून…*

अकरा तारा, अकरा माणसं. ओवी सरली तशी जुडी पुरी झाली.

"आता ओठ मिटून एक जुडी बांधा बरं."

मावशींनी ओठ घट्ट दाबले. डोळे बारीक केले. जुडी बांधून टेबलावर ठेवली, तर शेजारी निळी तार एकटीच पडलेली.

"अगं बया, जाऊबाई ऱ्हायली की," मावशी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. अफरीनलाही हसू आवरेना.

"दौलतराव, यांच्या किती जुड्या परत आल्या?"

"वर्षात एकही नाही."

"आणि बाकीच्यांच्या?"

दौलतरावांनी मान खाजवली. "महिनाभर जरा वाढल्यात खऱ्या. आधी त्याही गुणगुणायच्या म्हणा."

अफरीननं कागद तसाच, बिनसहीचा, त्यांच्या हाती दिला. दौलतरावांनी तो दोनदा दुमडून खिशात घातला आणि ते मावशींच्या टेबलाजवळ वाकले.

"मावशी, नव्या पोरींना शिकवाल का हे?"

"शिकवीन की. पर सायब, मनातल्या मनात न्हाई येत ते. मोठ्यानं म्हणावं लागतं."