गाडी जमिनीवर असताना

पुढची दोन्ही चाकं काढलेली, पिकअप गाडी स्टँडवर अधांतरी, आणि मिस्त्री चाकांना गाडीशी जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट आवळत होता. पूर्ण ताकदीने, शेवटच्या पिळापर्यंत. शेजारी हत्यारं पुसत बसलेल्या त्याच्या मुलीच्या हातातलं फडकं थांबलं.

हा माणूस कधी चुकत नव्हता असं नाही. घर बांधताना चुकला होता, मेव्हण्याला भागीदार करून घेताना तर सणसणीत चुकला होता. पण ही चूक त्याच्या हातून होणारी नव्हती. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतं. त्याचा बोल्ट गाडी खाली उतरवून, तिचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा, हे त्याने दोन्ही मुलांना अक्षरओळखीआधी शिकवलं होतं. लटकत्या गाडीचा बोल्ट आवळला की रबर तसंच जखडतं. मग गाडी खाली आली की ते पिळवटतं, गाडीचं नाक थोडं वरच धरून ठेवतं, आणि पिळवटलेलंच राहतं. काही महिन्यांत फाटतं आणि खड्ड्याखड्ड्याला खडखड सुरू होते. या चुकीपायी मिस्त्रीने आजवर दोन कामगार हाकलले होते. तिसरा आपणहून पळाला.

 आई गेल्यापासून मुलगी बापावर नजर ठेवून होती. परवाच त्याने जेवताना आईचंही ताट घेतलं होतं. कपाळावरचा चष्मा घरभर शोधला होता. पण तो प्रकार तो तरुणपणापासून करत आला होता, म्हणून तिने तो हिशेबात धरला नव्हता. आता हे.

पिकअप गॅरेजची होती, मुलीपेक्षा वयाने मोठी. उद्या ती तिचा भाऊ घेऊन जाणार होता. दोन दिवसांच्या वाटेवर त्याला नोकरी लागली होती, घरही मिळालं होतं. "मध्ये मध्ये येत जाईन" असं तो म्हणाला होता खरा, पण "नवी गाडी घेतली की तुमच्याकडेच आणतो" असं गिऱ्हाईक ज्या सुरात म्हणतं, त्या सुरात. बाप-लेकाचं बोलणं आईमार्फत चालायचं. ती गेली आणि मधली तारच तुटली. त्याआधीही मिस्त्री मुलाबद्दल बोलायचा, तो येणाऱ्या-जाणाऱ्याशी, मुलगा समोर उभा असताना. "पोरगी तयार झाली हो. हा मात्र कोराच राहिला. पाना कुठून धरायचा, विचारा त्याला."

मुलाचं जायचं ठरलं तेव्हा मिस्त्रीने "जाऊ नकोस" म्हटलं नाही. "आर्म झिजलेत, अशी नेऊ नकोस," एवढंच म्हणाला. मग आठवडाभर खपून त्याने चारही आर्म उतरवले, गंज खरवडला, जुनी बुशं दाबून काढली, नवी बसवली, वर काळा रंग दिला. तो खाली कोण बघणार आहे, असं मुलीने विचारलंही. "बघणारा बघतो," तो म्हणाला.

"बाबा," आता ती हळूच म्हणाली, "गाडी अजून वरच आहे."

"दिसतंय मला."

"मग आवळताय काय?"

मिस्त्रीने पाना खाली ठेवला नाही. "पाच-सहा महिन्यांत रबर फाटेल. धोका काही नाही, नुसता आवाज. ही गाडी दुसऱ्या कुणाला उमगायची नाही." मग बोल्टकडेच बघत म्हणाला, "आणावीच लागेल त्याला."

बाप विसरायला लागला, अशी मुलीला भीती होती. हे त्याहून अवघड निघालं.

"अहो, सरळ सांगा ना त्याला, येत जा म्हणून."

तिने इंजिनात पाणी ओतायला सांगितल्यासारखं मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. "ते तुझी आई सांगायची. मोठा पाना दे."

तिने दिला.

सकाळी मुलाने सामान लादलं. नव्या नोकरीसाठी घेतलेला पांढरा शर्ट त्याने प्रवासालाच घातला होता. मिस्त्री टायरशी बोलावं तसं खाली बघून म्हणाला, "आवाज आला तर तिथल्या कुणाला हात लावू देऊ नकोस. इकडेच आण."

"बघू." मुलगा दोन पावलं मागे सरला. "नाक जरा वर वाटतंय हिचं."

"मागे सामान आहे."

"हं," मुलगा म्हणाला. बहिणीच्या डोक्यावर टपली मारून तो गाडीत बसला.

पिकअप कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. काहीतरी विसरला असेल, असं मुलीला वाटलं. मिस्त्रीला काय वाटलं कोण जाणे. तो फाटकाबाहेर आला, खांद्यावरचं फडकं काढून त्याने तोंड पुसलं, केसांवरून हात फिरवला.

मुलगा उतरला. गाडीच्या नाकासमोर थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग सीटमागे बापानेच ठेवलेली हत्यारांची पिशवी काढून, पांढऱ्या शर्टानिशी रस्त्यावर उताणा होऊन गाडीखाली गेला. एकेक बोल्ट सैल केला. बॉनेट उघडून वरचेही केले. बंपरवर दोन्ही हातांनी भार देऊन त्याने गाडी दोनदा खाली दाबली, तिला बसू दिलं, आणि मग त्याच क्रमाने सगळे बोल्ट पुन्हा आवळले. घाई नाही, खटपट नाही. पिशवी जागेवर ठेवली. गॅरेजकडे वळून न बघता तो आत बसला.

पुढच्या खड्ड्यातून पिकअप गुपचूप निघून गेली.

"हात बसलाय त्याचा," मिस्त्री म्हणाला. "आता काही आवाज यायचा नाही."