आधी गोपाळकडं

सरपंच हेमावतीबाईंनी पत्र वाचायला घेतलं आणि मागच्या रांगेत बसलेल्या गोपाळला दरदरून घाम सुटला. गावातलं एकुलतं एक मेडिकल त्याचंच.

ग्रामसेवकानं सोलापूरच्या औषध खात्याला विचारणा केली होती, त्याचं हे उत्तर. गुंगीच्या गोळ्या गावात विकायच्या नाहीत, असा ठराव ग्रामसभेनं गेल्या वर्षी केला होता. पत्रात सरळ लिहिलं होतं, औषधाचा कायदा केंद्राचा आहे. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर परवानेवाला दुकानदार ती गोळी देऊ शकतो. गावाला ती अडवता येत नाही.

"अगं बाई! म्हंजी वरीसभर आमी उगंच अडवलं व्हय?" हेमावतीबाई म्हणाल्या. "चिंचोळीला कामाला जाणारी पोरं गोळ्या खाऊन पडायला लागली, म्हणून केला ठराव. आमाला काय ठावं! गोपाळ, तुलाबी ठावं न्हवतं की?"

गोपाळनं मान हलवली. नव्हतं म्हणे!

ठावं नसायला काय झालं? चांगला फार्मसी शिकलेला माणूस. ठराव झाला त्याच दिवशी त्याला कळलं होतं, हा कायद्यापुढं टिकायचा नाही. पण तोंड उघडलं असतं तर गाव म्हणालं असतं, पोरांना नादी लावणारा हाच. दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं. लेकाचा गप्प बसला.

आणि त्याच वर्षी मायाक्काला कॅन्सर निघाला. तिचा नवरा शिवलिंगप्पा दर आठवड्याला सोलापूरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन दुकानात यायचा. गोपाळ भिंतीवर चिकटवलेल्या ठरावाकडं बोट दाखवायचा. "मामा, गावाचं बंधन हाय. मी काय करू?" दुखणं थांबवायची ती गुंगीची गोळी तेव्हा त्याच्या गुडघ्यापाशी, कुलपाच्या खणात असायची. म्हातारा चिठ्ठीची घडी घालायचा आणि मंगळवेढ्याची एसटी धरायचा. एसटी चुकली की मायाक्काचं कण्हणं गल्लीभर ऐकू यायचं. दुकानातसुद्धा. मागच्या महिन्यात ते थांबलं.

सभा उठली. शिवलिंगप्पा दाराशी आपल्या चपला शोधत होता. गोपाळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. आज नाही बोललो तर जन्मात बोलणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

"मामा, मी खोटं बोललो. मला सगळं ठावं हुतं. गोळीबी दुकानात हुती. मी भ्यालो. माज्यामुळं मामीनं सोसलं."

शिवलिंगप्पानं एक चप्पल पायात सरकवली. दुसरी सापडेना.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "मंगळवेढ्याच्या दुकानदारानं पयल्याच खेपेला सांगितलं. म्हणला, तुमच्या गावातला बी दिऊ शकतोय की."

"मग मला कदी बोलला न्हाय ते? आन् तरीबी दर येळंला माज्याकडंच का येत हुता?"

"मी कुटं येत हुतो? मायाक्का धाडायची," म्हातारा म्हणाला. "सांगितलं हुतं मी तिला, गोपाळला समदं ठावं हाय म्हणून. तरीबी म्हणायची, आदी गोपाळकडं जावा. आपलं लेकरू हाय. आज दील."