झाकणाचा तडा

पिवळा समुद्री मासा टाकीच्या तळाशी आडवा पडून धापा टाकत होता, आणि मीटर सांगत होता की पाण्यात मीठ अजून कमीच आहे. हेमंतने मिठाचा डबा पुन्हा उघडला, पण आता त्याचा हात धजेना.

वाफ होऊन उडालेलं पाणी भरून काढायला त्याची बायको शलाका रोज टाकीत तांब्याभर गोडं पाणी ओतायची. मीटरवरचा आकडा घसरू लागला तसं हेमंतने सगळं खापर तिच्यावरच फोडलं. "तुझा हात सैल आहे. टाकीला शिवू नकोस." तिने तांब्या उचलून ठेवला. मग तो मीठ घालत राहिला, आणि आकडा घसरतच राहिला.

मीटरवर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. दर रविवारी, पूजेला बसावं तसा बसून, तो मीटर समुद्राइतक्या, म्हणजे नेमक्या पस्तीस खारटपणाच्या प्रमाण द्रावणाच्या बाटलीत बुडवायचा आणि पस्तीसवर लावायचा. आज नाइलाजाने त्याने नवी बाटली उघडली. तिच्यात मीटरने एकोणतीस दाखवले.

त्याने जुनी बाटली उजेडात धरली. झाकणाला तडा होता, कडेला मिठाचा पांढरा थर. आतलं द्रावण आटून आणखी खारट होत गेलं होतं, आणि तो त्यालाच पस्तीस म्हणत आला होता.

"शलाका," त्याने हाक मारली, "टाकीत गोडं पाणी घालायला हवंय. सावकाश."

ती तांब्या घेऊन आली. "किती?"

"तू रोज घालायचीस तेवढंच."

"मग सरक बाजूला."