बोरखडीची सात दारं

सोनाजीने घोंगडी खांद्यावर नीट बसवली आणि बोरखडीतलं पहिलं दार वाजवलं.

"मेंढरं वढ्यापलीकडं हाईत, माय. घोटभर पाणी मिळंल का?"

मेंढरं कुठली असायला! पंधरा वर्षांपूर्वीच ती विकून त्याने बजाजनगरात दोन खोल्या बांधल्या होत्या आणि एका कंपनीच्या दारावर पहाऱ्याची नोकरी धरली होती. घोंगडी मात्र खरी होती. त्याच्या वडिलांची, बिरूची. घागरभर पाणी मागितलं म्हणून याच गावाने बिरूला चोर ठरवून भर उन्हात शिवेपर्यंत हाकलत नेलं होतं. तेव्हापासून मेंढक्यांच्या तळावर बोरखडीचं नाव निघालं की माणसं थुंकायची.

आणि पोरीने नेमका याच गावातला मुलगा पसंत केला होता. सारजा कामाला होती तिथेच बद्रीनाथही होता.

"आबा, गाव आता तसलं राह्यलं नाय," ती म्हणाली होती. "कंपन्या आल्या, बाहेरची माणसं राहायला आली. गाव तिपटीनं वाढलंय."

"गाव वाढलं म्हून मन वाढतंय व्हय? मी सोता जाऊन बघतो. मेंढक्या हून जातो, रविवारी. एका जरी दारानं हाकललं, तर हे लगीन मोडलं म्हून समज."

सारजा दोन दिवस भांडली आणि तिसऱ्या दिवशी गप्प झाली. बाप एकदा अडला की अडलाच, हे तिला ठाऊक होतं. सोनाजीने सात दारं ठरवली. सातवं मुलाचं. रविवारी बद्रीनाथची कंपनीत पाळी होती, त्यामुळे ओळख पटायची भीती नव्हती.

पहिल्या दारातल्या बाईने पाण्याबरोबर गुळाचा खडाही आणला. "बसा की, दादा. उन्हाचं कुठं उभं ऱ्हाता?"

दुसरं दार पिठाच्या गिरणीचं. गिरणीवाला स्वतः उठला आणि त्याने आपली खुर्ची पुढे केली. तिसऱ्या घरी चहा झाला, चौथ्या घरीही चहाच.

सोनाजी चक्रावला. भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाची ही मोठीच पंचाईत होती. पाचव्या घरी तो मुद्दाम तांब्याला तोंड लावून पाणी प्यायला आणि बाईच्या कपाळावर आठी कधी चढते ते बघत राहिला. आशाबाई नावाच्या त्या बाईने तोच तांब्या भरून घेतला आणि ती त्याच्यासमोर स्वतः पाणी प्यायली.

सहाव्या घरी ऐंशीचे काकासाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "तुमच्या लोकांवर लई अन्याय केला आमच्या गावानं," ते आपणहून म्हणाले. हे ऐकायला बाप हवा होता, असं सोनाजीला फार वाटलं.

सातव्या दारात बद्रीनाथची आई लक्ष्मीबाई उभी होती. तिने पाणी दिलं, पाय धुवायला लावले आणि थेट ताट वाढलं. मुलाचे वडील नानासाहेब त्याच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर आग्रह. मेंढरं किती, मुक्काम किती, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

हात धुऊन सोनाजीने घोंगडीची घडी घातली आणि हात जोडले.

"नानासाहेब, माफी करा. मी मेंढक्या नाय. मी सारजाचा बाप."

"अगं बाई!" लक्ष्मीबाईने पदर तोंडाला लावला.

"काय हे पाव्हणं!" नानासाहेबांनी त्याला मिठीच मारली. "सांगून तरी यायचं!"

"सांगून आलो असतो तर गाव दिसलं नसतं मला. आज दिसलं. पोर दिली तुम्हाला."

मग वेळ कशाला लागतो? शेजारचे चारजण हाकेसरशी आले, डोक्याला धुतलेल्या टोप्या घालूनच. कुंकू लागलं, सुपारी फुटली. सुपारी फुटली म्हणजे बापाने शब्द दिला. तो मागे घेतला तर पोरीच्या नावाला बट्टा, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

नानासाहेब मोटारसायकलवर सोडायला निघाले होते, पण सोनाजी ऐकेना. त्याला एकट्याने चालायचं होतं. बिरूला हाकललं त्याच वाटेने तो आज ताठ मानेने फाट्यावर आला. घोंगडी त्याने पुन्हा खांद्यावर टाकली.

फाट्यावर साळूबाई नावाची म्हातारी एसटीची वाट बघत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. तिने शेजारी बसणाऱ्याची घोंगडी हाताने चाचपली.

"मेंढरं कुठं बसवलीस रं, बाबा?"

सोनाजी खुशीत होता. त्याला गंमत सुचली. "हाईत की वढ्यापलीकडं."

"गावानं चहा पाजला का?"

"पाजला, आजी. जेवू बी घातलं."

"मंग नशिबाचा हाइस." म्हातारी बोळक्या तोंडाने हसली. "आज नानासाहेबाचा व्याही यायचाय म्हणं, मेंढक्याचं सोंग घिऊन. आता खरा कोन, सोंगाचा कोन, वळकायचं कसं? म्हून सकाळीच देवळाच्या भोंग्यावर सांगितलंय, आज घोंगडीवाला दिसला की हाकलायचा नाय."

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. सोनाजी उठला नाही. म्हातारीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"तू गरीब वाटतोस म्हून सांगते, बाबा. दिस मावळायच्या आत मेंढरं घिऊन शिव वलांड. उद्यापासनं पुन्यांदा रोजचंच हाय."