दारापर्यंत

यादिराने पिकअपच्या काचेवर टकटक केली तेव्हा हासिंतो बुरितो खात होता. त्याने घास गिळला आणि समोर बघत राहिला. ही निळ्या शर्टातली पोरगी काही हलणार नाही हे कळल्यावर मग काच खाली केली.

“काका, फोन उचलत नाही तुम्ही.”

“कामात होतो.”

“ते दिसतंच आहे.”

यादिरा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. नव्याने आलेल्यांना सोबत करायची, ते कुठे अडले तर बघायचं, एवढ्यासाठी तिला तो निळा शर्ट मिळाला होता. तिच्या वाट्याला आलेल्या ‘मुलां’त हासिंतो सगळ्यात थोरला, तिच्या वडिलांच्या वयाचा. सकाळी शेडमध्ये पीचच्या पेट्या भरायच्या आणि दुपारी इथे येऊन गणित शिकायचं. गणित सुटलं की शीतगृहाची यंत्रं दुरुस्त करायचं शिक्षण मिळणार होतं, आणि ते त्याला फार हवं होतं. शेडच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून गुडघे कामातून गेले होते. पण गेल्या आठवड्यापासून तो वर्गात दिसत नव्हता. गाडी मात्र रोज त्याच झाडाखाली उभी.

“सोडायचंच असेल तर घरी जा ना. फ्रेस्नोच्या या उन्हात गाडीत कशाला भाजून घेता?”

“बायकोला वाटतं मी वर्गात आहे.”

“आणि का नाही वर्गात?”

हासिंतोने बुरितोचा कागद चुरगळला. “धाकटीला ताप होता. एक दिवस आलो नाही. कळवलंही नाही.”

“मग?”

“मग काय? गेली जागा.”

यादिराला हसू येणार होतं, ते तिथेच थांबलं. तिचे वडील त्याच शेडमध्ये राबले होते. पट्ट्यावरचा माणूस न सांगता चुकला की मुकादम फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांतला एक आत घेतो. दुसऱ्या दिवशी आधीच्याने येऊन तोंड उघडायचं नसतं, त्यात त्याचीच शोभा होते. या माणसाला तिने ग्रंथालय दाखवलं, छपाईचं यंत्र दाखवलं, कँटीनमध्ये कॉफी कुठली घेऊ नये तेही सांगितलं. हे सांगायचं मात्र सुचलं नाही. तिला स्वतःचाच राग आला.

“काका, इथे मुकादम नाही.”

“मुकादम सगळीकडे असतो, पोरी. काही ठिकाणी टाय लावतो.”

“आज चाचणी आहे. ती चुकली तर मात्र खरंच सगळं संपेल. उतरा.”

“सगळ्यांसमोर हाकललं तर?”

“तर माझ्यादेखत हाकलतील. चला, मी दारापर्यंत येते.”

तो उतरला. गुडघे कुरकुरले, पण उतरला.

निळ्या शर्टाचा एकच कडक नियम होता. दारापर्यंत जायचं, दार उघडायचं नाही. यादिराला हा नियम कधीच पटला नव्हता. वर्गाबाहेर पोचल्यावर तिचा हात आपसूक पुढे गेला. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले.

“तूच बोल ना बाईंशी,” हासिंतो हळूच म्हणाला. “तुझं इंग्रजी चांगलं आहे.”

“नाही बोलणार.”

“दोनच शब्द.”

“दोन शब्द तुम्हालाही येतात.”

त्याने दाराच्या काचेतून आत डोकावलं आणि मागे सरला. “बघ. सांगत होतो ना.” त्याच्या आवाजात थोडी सुटकाही होती.

यादिराने बघितलं. खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीवर एक जांभळी बॅग होती. बाकी वर्ग गच्च भरलेला.

“दुसरी खुर्ची मिळेल,” ती म्हणाली. “नाही मिळाली तर उभ्याने लिहा. इतकी वर्षं पट्ट्यापाशी उभेच होता ना?”

हासिंतोने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग टोपी काढली, तळहात पँटला पुसला आणि दार ढकललं.

बाई प्रश्नपत्रिका वाटत होत्या. त्या थांबल्या.

“मुलगी आजारी होती,” तो दारातूनच तुटक्या इंग्रजीत म्हणाला. “मी कळवायला हवं होतं. आत येऊ?”

“अजून उभे का आहात?” बाई म्हणाल्या आणि एक कागद त्याच्यापुढे धरला. “तासाच्या शेवटी बोलू.”

कागद हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बसायला जागा कुठेच दिसत नव्हती. बाहेर उभ्या यादिराचा पाय उंबरठ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीने, मान वर न करता, शेजारच्या खुर्चीवरची जांभळी बॅग उचलून पायाशी ठेवली.

हासिंतो जाऊन बसला.

“पुढच्या वेळी कळवून जा, काका,” ती मुलगी पुटपुटली. “रोज भांडावं लागलं मला या खुर्चीसाठी.”